शाल, श्रीफळ आणि बंद पाकीट

२००३ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प मी गुंफणार होते. (आपल्याकडे व्याख्यान हे 'पुष्प' असतं आणि ते 'गुंफायचं' असतं. खऱ्या फुलांचे हार आणणाऱ्याला मात्र त्याच संध्याकाळी रोख पैसे मोजावे लागतात.) सभागृह भरलेलं होतं, दीड तास कोणी जागचं हललं नाही, आभारप्रदर्शनही रीतसर लांबलं. सगळं आटोपल्यावर मी व्यासपीठामागे शालीची घडी घालत उभी होते. तिथे माइकवाला आला. म्हणाला, "सर, आपले बाराशे." कार्यवाहांनी पिशवीतून नोटा काढल्या, मोजल्या, व्हाउचरवर त्याची सही घेतली. मग मांडव-खुर्च्यांवाला आला. त्याचाही हिशेब दोन मिनिटांत, कोणालाही अवघड न वाटता मिटला. मग कार्यवाह माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली आला. इकडेतिकडे बघत त्यांनी शालीच्या घडीत एक पाकीट सरकवलं आणि म्हणाले, "ताई, फूल ना फुलाची पाकळी."

रात्री खोलीवर जाऊन पाकीट उघडलं. पाचशे एक रुपये. बावीस वर्षं बँकेत काढल्यावर बेरीज-वजाबाकी आपोआप होते. पुण्याहून येण्याजाण्याचं रेल्वेचं तिकीट, दोन्हीकडच्या रिक्षा, वाटेतला चहा-नाश्ता. नारळाची किंमत जमेला धरूनही हिशेब उणे आला.

ते कार्यवाह निवृत्त शिक्षक होते. गावात दारोदार फिरून त्यांनी वर्गणी जमवली होती. मला जेवायला त्यांच्याच घरी वाढलं, वहिनींनी खणानारळाने ओटी भरली. मला फसवावं असा विचारही त्या माणसाच्या मनाला शिवणं शक्य नव्हतं. मग माइकवाल्याशी जो व्यवहार उजेडात होतो, तो माझ्याशी शालीच्या आड का करावा लागला? हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

तेव्हा तो नुसता विचार करण्याचा प्रश्न नव्हता, चुलीचा होता. २००१च्या सुमारास सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली होती. झालेल्या सेवेच्या दर वर्षामागे साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यातलं जे कमी ते. माझ्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झालेल्या, तिसरी डोक्यात घोळत होती. त्रेचाळिसाव्या वर्षी मी अर्ज देऊन मोकळी झाले. १९९५ साली पेन्शन की प्रॉव्हिडंट फंड असं विचारलं गेलं, तेव्हा इतर कित्येकांसारखा मीही फंड निवडला होता. म्हणजे पेन्शन नाही. दोन वर्षांत नवऱ्याचा कारखाना बंद पडला. मुलगी इंजिनिअरिंगला. मराठी कादंबरीच्या रॉयल्टीवर घर चालत नाही, हे या पुरवणीच्या वाचकांना सांगायला नको. बोलावणी मात्र येत होती. म्हटलं, बोलणं हाच आता व्यवसाय करायचा.

घरात हे सांगितलं तेव्हा सासूबाई पोथी मिटून म्हणाल्या, "बोलायचे पैसे? म्हणजे कीर्तनकारासारखं?"

त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं. आपल्याकडे जाहीर बोलण्याचा उगम कीर्तनातच आहे, आणि कीर्तनाच्या पैशाबद्दल आपल्या दोन परंपरा आहेत. नारदीय कीर्तनकाराला बिदागी मिळे, आरतीच्या ताटात नाणी पडत. त्यात कोणाला वावगं वाटत नसे. वारकऱ्यांत मात्र जिथे कीर्तन करायचं तिथे अन्नसुद्धा घ्यायचं नाही, असा तुकोबांनी घालून दिलेला दंडक. (आज तो किती पाळला जातो, हा वेगळ्या लेखाचा विषय.) आपलं मन या दोहोंच्या मध्ये अडकलेलं आहे. वक्त्याला काही दिलं पाहिजे हे पटतं, पण दिलेलं कोणाला दिसू नये असंही वाटतं. बंद पाकीट हा त्यातून आपण काढलेला तोडगा.

दुसरं कारण माझ्या उशिरा ध्यानात आलं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ते स्वतः न्यायखात्यात नोकरीला होते. तिथपासून ज्यांनी ज्यांनी महाराष्ट्राला ऐकायची सवय लावली त्यांची नावं आठवा. प्राचार्य शिवाजीराव भोसले फलटणच्या मुधोजी महाविद्यालयात. राम शेवाळकर वणीच्या महाविद्यालयात. शंकर पाटील, माडगूळकर, मिरासदार या त्रयीने कथाकथनाने गावंच्या गावं जिंकली. त्यातले मिरासदार प्राध्यापक, व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत. व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुविशारद. ही सगळी मोठीच माणसं. त्यांच्या मोठेपणाला मी हात लावत नाही. पण त्यांच्या घरचं किराणा सामान व्याख्यानाच्या पाकिटातून येत नव्हतं. महिन्याच्या महिन्याला पगार होता. म्हणून आपल्याकडे जी रक्कम रूढ झाली ती मेहनतान्याची झालीच नाही, मानाची झाली. शब्दच बघा ना, 'मानधन'. त्यात मान पुढे आणि धन मागे. वक्त्याचं पोट दुसरीकडे भरतं, हे गृहीत धरून बांधलेली ही पद्धत आहे. ज्याचं पोट दुसरीकडे भरत नाही तो तिच्यात बसतच नाही.

पु. ल. देशपांड्यांनी 'बटाट्याची चाळ' तिकीट लावून केली आणि लोकांनी रांगा लावून ती पाहिली, हे खरं. पण तिकीट नाटकाला असतं, व्याख्यानाला नसतं, ही आपली समजूत त्यानेही हलली नाही.

हे जगभर असंच आहे म्हणावं, तर तसंही नाही. अमेरिकेत १८६८ साली जेम्स रेडपाथ नावाच्या गृहस्थाने बॉस्टनमध्ये व्याख्यात्यांची चक्क एजन्सी काढली. गावोगावच्या संस्थांनी तिच्याकडे मागणी नोंदवायची, तिने वक्ता पाठवायचा आणि त्याच्या कमाईतले दहा टक्के स्वतःला ठेवायचे. तिच्या वक्त्यांपैकी एक मार्क ट्वेन. हा लेखक १८९४ साली पुरता बुडाला. त्याची प्रकाशनसंस्था दिवाळखोरीत गेली. देणं पूर्ण फेडायची कायद्याने सक्ती नव्हती. पण साठीला टेकलेला हा माणूस १८९५ साली व्याख्यानं देत जगभर निघाला. १८९६च्या जानेवारीत तो आपल्या मुंबईतही येऊन बोलला, पुढे गायकवाडांच्या बडोद्यातही. आणि १८९८ सालापर्यंत त्याने सगळ्या धनकोंची पै न् पै चुकती केली. थकबाकीदारांना नोटिसा पाठवण्यात ज्या बाईचं निम्मं आयुष्य गेलं, तिला या लेखकाबद्दल काय वाटत असेल याची कल्पना वाचकांनी करावी! बोलून पैसे मिळवल्यामुळे ट्वेन लहान झाला असं कोणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

अर्थात एजन्सी म्हणजे स्वर्ग नव्हे. शिकागोच्या धर्मपरिषदेनंतर स्वामी विवेकानंदांनीही तिथल्या अशाच एका संस्थेशी करार केला होता. सभा भरत होत्या, पण त्यांच्या हाती त्यातला थोडाच भाग येत होता. १८९४ साली ते पदरचं नुकसान सोसून त्यातून बाहेर पडले.

आपल्याकडे अशी एजन्सी नव्हती, तेव्हा जे काही शिकायचं ते धक्के खाऊनच. पहिली गोष्ट शिकले ती ही, की हा धंदा उसाच्या शेतीसारखा हंगामी आहे. गणपती-नवरात्रात बोलावणी, दिवाळीनंतर थंडीतल्या व्याख्यानमाला, जानेवारीत विवेकानंद जयंती आणि हळदीकुंकू, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, आणि ८ मार्च. त्या एका दिवसासाठी मला एकदा नऊ ठिकाणांहून फोन आले. त्यातल्या आठ जणांना नाही म्हणताना जीव तुटला, कारण मला ठाऊक होतं, परीक्षा सुरू झाल्या की मंडळी गप्प होणार, मेमध्ये वसंत व्याख्यानमालांची एखादी सर येणार आणि मग पाऊस ओसरेपर्यंत फोन वाजणार नाही. बँकेत मी शेतकऱ्यांना सांगत असे, हंगामात आलेला पैसा बारा महिन्यांवर पसरा. ते सांगणं किती सोपं होतं, ते या काळात कळलं.

दुसरी गोष्ट, रक्कम विचारणं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा फोन हातात धरून मी उभी राहिले होते, बसून बोलायचा धीर होईना. एका तालुक्याच्या गावचे अध्यक्ष बोलत होते. तारीख ठरली, विषय ठरला. मग मी म्हटलं, "आणि मानधनाचं कसं?" पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, "अहो ताई, तुम्ही सरस्वतीच्या उपासक. तुमच्याशी आम्ही असं काय बोलायचं?" मी म्हटलं, "सरस्वतीला नाही लागत, मला लागतं. तीन हजार आणि प्रवासखर्च." ते "कळवतो" म्हणाले. कळवलं नाही. माझ्या जागी त्यांनी जवळच्याच शहरातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याला बोलावलं, असं नंतर कानावर आलं. तो गृहस्थ काही घेत नसे. व्यवस्थित पेन्शन होतं, आणि बोलण्याची हौस. त्या रात्री त्या अनोळखी माणसाचा मला फार राग आला. हा राग वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो माझ्यावरच उलटायचा आहे.

पुढे जम बसला. कंपन्यांचे प्रशिक्षण विभाग बोलावू लागले, सहकारी बँका बोलावू लागल्या. तिथे बोलणी स्वच्छ. रक्कम आधी पत्राने, पैसे धनादेशाने, कापलेल्या कराचं प्रमाणपत्र मागाहून टपालाने. शाल नाही, नारळ नाही. खरं सांगते, मला फार बरं वाटे.

पण तिथेही एक खड्डा होता. एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला 'संसार आणि बचत' या विषयावर बोलायचं होतं. रक्कम चांगली होती. आदल्या संध्याकाळी व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, ते ठेवींच्या विम्याचं तेवढं काढू नका." बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, तेव्हा ते एक लाखापर्यंत होतं, २०२० सालापासून पाच लाख झालं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. समोर बसणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना हा फरक माहीत नसणार, हे मला ठाऊक होतं. बँकेत असताना काउंटरवर मी तो प्रत्येकीला समजावून सांगितला असता. त्या दिवशी मी ते वाक्य वगळलं. ती पतसंस्था पुढे बुडाली वगैरे काही झालं नाही, आजही उत्तम चालली आहे. तरी ते न उच्चारलेलं वाक्य मला अजून पाठ आहे. तेव्हापासून रक्कम ठरवतानाच मी सांगते, की पैसे माझ्या वेळेचे, प्रवासाचे आणि तयारीचे. काय बोलायचं ते त्यात धरलेलं नाही. दोन ठिकाणची बोलावणी त्यामुळे गेली. असो.

आणखी एक किंमत मोजली, तिची पावती कोणी देत नाही. २००४ ते २०१० या काळात मी वर्षाला साठ-सत्तर व्याख्यानं दिली आणि एकही कादंबरी लिहिली नाही. वेळ नव्हता म्हणून नव्हे. बोलण्याची एक लकब लागली होती. बँकेतल्या गमतीजमतींवरचं एक व्याख्यान तर इतकं घोटलं गेलं होतं, की अकराव्या मिनिटाला विनोद, चाळिसाव्याला डोळ्यांत पाणी. एकदा कोल्हापूरकडे बोलताना पहिल्या रांगेतल्या एक बाई माझ्याआधीच ओठ हलवत होत्या. नंतर भेटल्या, म्हणाल्या, "आमची बदली झाली. नाशिकला ऐकलं होतं तुम्हाला. तस्संच्या तस्सं!" त्यांनी ते कौतुकानेच म्हटलं. मी मात्र बसमध्ये रात्रभर जागी होते. लिहायला बसलं की वाक्य लिहून होण्याआधीच मला टाळी ऐकू येई, आणि टाळी पडणार नाही असं वाक्य मी खोडून टाकी. कादंबरी अशाने होत नाही.

२०१० साली बँकांतल्या समझोत्याने आम्हा स्वेच्छानिवृत्तांनाही पेन्शन निवडण्याची दुसरी संधी मिळाली. घेतलेल्या फंडाचे पैसे ठरल्याप्रमाणे परत भरले आणि पेन्शन सुरू झालं. मुलगी नोकरीला लागली होती. मी दीर्घ श्वास घेतला, व्याख्यानं निम्म्यावर आणली, तिसरी कादंबरी बाहेर काढली. आणि पैशाबद्दल उदार झाले. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "अहो, द्या काय द्यायचं ते. नाही दिलंत तरी चालेल." असं म्हणताना किती छान वाटतं, ते ज्याने म्हटलंय त्यालाच ठाऊक.

हा छानपणा तीन-चार वर्षं टिकला. मग एका साहित्य मेळाव्यात एक तिशीतला मुलगा भेटला. इतिहासावर बोलतो, गडकिल्ले पायाखाली घातलेले, मोडी स्वतः वाचतो. नोकरी नाही, बोलण्यावरच घर. नमस्कार करून म्हणाला, "मॅडम, एक विचारू? राग मानू नका. अमुक गावच्या व्याख्यानमालेला तुम्ही काही न घेता गेला होता ना? त्यांनी मला बोलावलं. मी पाच हजार सांगितले. ते म्हणाले, एवढ्या मोठ्या लेखिका काही घेत नाहीत, आणि तू कसले मागतोस?"

तो चिडलेला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, की मोठं झाल्यावर पैसे लागत नाहीत का. मी काहीबाही बोलले. मला तो निवृत्त अधिकारी आठवला, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं आणि ज्याचा मी रात्रभर राग केला होता.

म्हणून आता उघड लिहिते. ज्यांना पेन्शन आहे, पगार आहे, मुलं परदेशातून पैसे पाठवतात, अशा माझ्या वक्त्या बंधुभगिनींनो, फुकट बोलणं हे आपलं औदार्य नाही. त्याचा खर्च आपण करत नाही, तो त्या मुलाच्या घरातून होतो. आपण घेत नाही म्हणून व्याख्यानाचा भाव शून्यावर ठरतो, आणि शून्यावर ठरलेल्या भावात फक्त आपल्यासारखे, पोट भरलेले म्हातारेच बोलू शकतात. मग 'व्याख्यानमालांना तरुण का येत नाहीत' या विषयावर आपणच परिसंवादही करतो!

यावर एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. ज्या सार्वजनिक वाचनालयात मी बोलायला जाते, तिथल्या ग्रंथपालाला महिन्याला काय मिळतं हे मला माहीत आहे. 'अ' वर्गाची ग्रंथालयंसुद्धा अनुदानाची वाट बघत बसतात. 'क' आणि 'ड' वर्गाच्या ग्रंथालयांबद्दल तर बोलायलाच नको. त्या माणसापुढे बसून मी माझा आकडा सांगायचा? बरेच दिवस मला याचं उत्तर सापडत नव्हतं. सापडलं ते बँकेतच. व्यापारी बँकांना आपल्या एकूण कर्जांपैकी चाळीस टक्के कर्जं शेती, लघुउद्योग अशा अग्रक्रम क्षेत्राला द्यावी लागतात. त्या कर्जांच्या वसुलीवरून आम्ही कितीही कुरकुर केली, तरी टक्केवारी चुकवायची सोय नव्हती. मी तोच नियम स्वतःला लावला. दहापैकी चार व्याख्यानं गरीब ग्रंथालयांना, जिल्हा परिषदेच्या शाळांना, महिला बचत गटांना. बाकी सहा पूर्ण दराने. पण त्या चारांतही एक अट असते, आणि ती ऐकून लोक मला विक्षिप्त म्हणतात. आकडा आधी कागदावर लिहायचा. पूर्ण आकडा. तो मला द्यायचा, मी तो तिथल्या तिथे ग्रंथालयाला देणगी म्हणून परत करायचा आणि रीतसर पावती घ्यायची. हातात उरत काहीच नाही. पण जमाखर्चात 'व्याख्यात्यांचे मानधन' या सदरापुढे एक आकडा पडतो. पुढच्या वर्षी कोणी तरुण आला, तर कार्यवाहांना म्हणता येत नाही, की आमच्याकडे असं काही देत नाहीत.

संयोजकांकडे माझं मागणं एवढंच, की पहिल्याच फोनवर रक्कम सांगा. कमी असली तरी सांगा. पाचशे सांगितलेत तरी माझा अपमान होत नाही. पाकिटात काय आहे याचा तर्क करत तासभर आभार ऐकण्याने होतो. बाईला बोलावलंत तर साडी आणि ओटी हे मानधनाच्या जागी धरू नका. घरात साड्या पुष्कळ आहेत. आणि वक्त्याच्या हाती पैसे द्यायचे ते माइकवाल्याला देता तसे द्या. सगळ्यांसमोर, मोजून, सही घेऊन.

गेल्या आठवड्यात फोन आला. आवाज अगदी तरुण, मराठवाड्यातला. "मॅडम, वाचनालयाची नवी कार्यवाह बोलतेय. आमचं बजेट चार हजार आहे, येण्याजाण्याचं वेगळं, राहायची सोय माझ्या घरी. जमेल का?" एका दमात सगळं. मी म्हटलं, "जमेल." ती म्हणाली, "आणि एक विनंती होती. ते बँकेतल्या गमतीजमतींचं नको. आमच्याकडे ते खूप जणांनी आधीच ऐकलंय."

नवा विषय शोधते आहे. तारीख डायरीत टिपून ठेवली आहे.